किल्ल्यातून लेकीला



नगरला आपले सर्वांचेच जाणे-येणे असते. कोर्टाची तारीख असते, सिव्हिल हॉस्पिटल असते, कापड बाजारात लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. भिंगारकडे जाताना भुईकोट किल्ल्याचा तट आणि खंदक लागतो, पण गाडीच्या खिडकीतून मान वळवून त्याकडे पाहणारे थोडेच. आज आपण मनाने त्या किल्ल्यात थोडा वेळ थांबणार आहोत. तेथे एक बाप कैदेत होता आणि आपल्या मुलीला पत्रे लिहीत होता. बाहेर त्या वेळी जग पेटलेले होते.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवले आणि कार्यकारिणीच्या सभासदांना आपल्या नगरच्या किल्ल्यात आणले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव असे एकूण बारा जण होते. सुरुवातीला पत्रे नाहीत, वर्तमानपत्रे नाहीत. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बाँब पडले होते, डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर पडले. पुढच्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसे रस्त्यावर मेली. आणि देशाच्या आत, हिंदू व मुसलमान यांच्यामध्ये, एक भेग दिवसेंदिवस रुंद होत चालली होती.

अशा वेळी नेहरूंची एकुलती एक मुलगी इंदिरा कोठे होती? मार्च १९४२ मध्ये तिचे लग्न झाले होते. सप्टेंबरमध्ये तिलाही अटक झाली आणि मे १९४३ पर्यंत ती अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात होती. म्हणजे बाप नगरच्या किल्ल्यात, मुलगी नैनीच्या तुरुंगात. आई कमला १९३६ मध्येच वारलेली. मणिबेन पटेल यांचेही तसेच. वडील नगरला आणि त्या येरवड्याला. एकाच किल्ल्यात दोन विधुर बाप होते आणि दोघांच्याही मुली गजांआड होत्या.

नेहरूंच्या राजकारणाविषयी आपल्या वाचकांची मते वेगवेगळी असतील. असू द्यात. आज आपण पुढाऱ्याकडे नव्हे, बापाकडे पाहत आहोत.

या बापाला पत्र लिहिण्याची सवय किल्ल्यात लागली नव्हती. १९२८ च्या उन्हाळ्यात मुलगी दहा वर्षांची, मसुरीला होती आणि वडील अलाहाबादला. तेव्हा त्यांनी तिला पृथ्वी कशी झाली, माणूस कोठून आला, भाषा कशा निर्माण झाल्या हे पत्रांतून सांगितले. १९३० ते १९३३ या काळात वेगवेगळ्या तुरुंगांतून त्यांनी जवळजवळ दोनशे पत्रांत तिला जगाचा इतिहास लिहून पाठवला. हाताशी ग्रंथालय नव्हते. टिपणांच्या वह्या आणि आठवण, एवढ्यावर काम चालले. आम्हाला यातील इतिहासापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. मुलगी तेरा वर्षांची होती, आणि बाप तिच्याशी समजत्या माणसाशी बोलावे तसा बोलत होता. म्हणूनच १९४२ मध्ये दोघेही तुरुंगात गेले तेव्हा काय लिहावे असा प्रश्न पडला नाही. वाट आधीच पडलेली होती. संकट आल्यावर वाट पाडायला घेतली तर ती पडत नाही.

किल्ल्यातून पुढे जी पत्रे गेली त्यांत काय होते? पुस्तके, प्रकृती, घरच्यांची विचारपूस. ऑगस्ट १९४४ मध्ये इंदिरेला मुंबईत मुलगा झाला, त्या वेळी आजोबा अजून नगरच्या तटाआड होते. पत्रे सरकारी अधिकारी वाचून मगच पुढे सोडत. त्या अडीच वर्षांत नेहरूंनी किल्ल्याच्या आवारात बाग केली. जमीन कठीण होती, कुदळ मारली की जुन्या बांधकामाचे दगड वर येत. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी येथेच भारताच्या इतिहासावरचे आपले मोठे पुस्तक लिहिले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात या खणण्याचा उल्लेख आहे, आणि याच किल्ल्याच्या चांदबिबीचीही आठवण आहे.

ती आठवण आपणही काढू या, कारण यादवी म्हणजे काय हे नगरच्या मातीइतके चांगले कोणाला ठाऊक? यादवी हा शब्दच पाहा. यादवांनी आपापसांत लढून आपले कुळ बुडवले, त्यावरून तो आला. शत्रूशी होते ते युद्ध, घरातल्या घरात होते ती यादवी.

१५९५ मध्ये बुऱ्हाण निजामशहा वारला आणि त्याच्यामागून गादीवर आलेला मुलगाही काही महिन्यांतच लढाईत पडला. मग नगरच्या दरबाराचे चार तुकडे झाले. प्रत्येक गटाचा वेगळा राजा. त्यांतील एका गटाच्या प्रमुखाने, मियाँ मंजूने, आपल्याच शहरातील लोकांना हरवण्यासाठी मोगलांना बोलावणे पाठवले. मोगल आले तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला, पण बोलावलेला पाहुणा आता दारात उभा होता. त्या वेळी किल्ला कोणी राखला? या शहराच्या लेकीने. चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरला दिलेली, तेथे विधवा झालेली, माहेरी परत आलेली. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः खिंडाराशी उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली. १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड गेले पण शहर वाचले.

चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. या वेळी चांदबिबीला कोणी मारले? मोगलांनी नाही. ती शत्रूला मिळाली आहे अशी आवई किल्ल्यात उठवली गेली आणि तिच्याच माणसांनी आत घुसून तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६०० च्या ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. (नगरच्या डोंगरावर आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो तो तिचा नाहीच, ती सलाबतखानाची कबर आहे. जिचे नाव सगळ्यांच्या तोंडी, तिच्याविषयी माहिती मात्र अशी.) प्रभू येशूने सांगितले आहे की आपसात फूट पडलेले घर टिकू शकत नाही (मार्क ३:२५). नगरच्या लोकांनी ते वचन वाचले नसेल, पण अनुभवले मात्र पुरेपूर.

आता बायबल उघडू या. जुन्या करारात शास्ते या पुस्तकात बाप, मुलगी आणि यादवी या तिन्ही गोष्टी दोनच अध्यायांत आल्या आहेत. अकरावा आणि बारावा अध्याय आज घरी जरूर वाचा. इफ्ताह हा शूर, पण सावत्र भावांनी घरातून हाकललेला. संकट आले तेव्हा त्याच लोकांनी त्याला सेनापती व्हायला बोलावले. लढाईला जाताना त्याने नवस केला की विजयी होऊन परतल्यावर माझ्या दारातून जे प्रथम बाहेर येईल ते मी परमेश्वराला होम म्हणून अर्पण करीन. कोण आले? डफ वाजवीत, नाचत, त्याची एकुलती एक मुलगी. आणि बाप काय म्हणाला? कपडे फाडून तो उलट तिलाच बोलला, की तूच मला खाली पाडलेस! नवस त्याचा, जीभ त्याची, आणि दोष मुलीला.

या अध्यायावर आम्ही अनेकदा विचार केला आहे. परमेश्वराने हा नवस मागितला होता असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. मुलीला विचारून तो केलेला नाही. तिचे नावसुद्धा पवित्र शास्त्राने नोंदवलेले नाही. ती फक्त दोन महिने मागून घेते, मैत्रिणींबरोबर डोंगरात रडायला.

आपण येथे पुस्तक मिटतो. पण पुढचा अध्याय त्याच इफ्ताहाचा आहे. एफ्राईमचे लोक रुसून येतात, की लढाईला आम्हाला का नाही बोलावलेस? त्यावरून जुंपते. एफ्राईम आणि गिलाद हे काही परके नव्हेत. दोघेही योसेफाच्या वंशातले, एकच देव, एकच भाषा. इफ्ताहाची माणसे यार्देन नदीचे उतार अडवून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक शब्द म्हणायला लावतात : शिब्बोलेथ. ज्याच्या तोंडून ‘श’ च्या जागी ‘स’ निघाला तो एफ्राईमचा, त्याला तेथेच कापायचे. बेचाळीस हजार माणसे मेली असे शास्त्र सांगते. एका अक्षरावर!

हे दोन अध्याय शेजारी-शेजारी आहेत, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. जो घरात मुलीचे ऐकून घेत नाही, तो नदीवर भावाचे काय ऐकणार?

ही फार जुनी गोष्ट आहे असे कोणी म्हणेल. ३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये जे घडले ते जुने नाही. खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी-झो, कालपर्यंत एका बाजारात भाजी घेणारे. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे साठ हजार बेघर झाली, चर्च जळाली, मंदिरेही जळाली. रस्त्यात गाड्या अडवून ओळखपत्रावरचे नाव पाहिले जाई. शिब्बोलेथच ते, फक्त कागदावर लिहिलेले. इंटरनेट महिनोन्‌महिने बंद होते. पुण्या-मुंबईत मणिपूरच्या कितीतरी मुली शिकतात, नोकरी करतात. इंफाळमधला किंवा चुराचांदपूरमधला बाप, बाहेर धूर दिसत असताना, फोन लागला तर त्या दोन मिनिटांत मुलीला काय सांगेल? “इकडे येऊ नकोस” हे तर सांगेलच. पण त्यानंतर? तुझ्या खोलीत राहणाऱ्या त्या दुसऱ्या जमातीच्या मुलीशी आता बोलू नकोस, असे म्हणेल, की तिच्याही घरी फोन लागला का विचार, असे म्हणेल? यादवी शहराच्या वेशीवर येते तेव्हा बापाच्या तोंडून निघणारे हे दुसरे वाक्य फार महत्त्वाचे असते. पहिल्या वाक्यात त्याची काळजी असते, दुसऱ्यात तो मुलीच्या हाती काय देऊन जातो ते असते.

आणि मणिपूर तरी लांब कशाला? त्याच मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात शेवगावला मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली, दुकानांचे आणि गाड्यांचे नुकसान झाले, पोलीस बंदोबस्त लागला. कोणाचे चुकले ते येथे सांगायचे नाही. पण अशा दिवसांत मोबाईलवर काय काय फिरते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. चांदबिबीला मारणारी आवई तोंडोतोंडी पसरली, तिला किल्ल्यात फिरायला थोडा वेळ तरी लागला असेल. आता बाप जेवता जेवता अंगठ्याने ती पुढे ढकलतो, आणि ती कुटुंबाच्या ग्रुपवर येते, जेथे त्याची सोळा वर्षांची मुलगीही असते. वडिलांनी पाठवले म्हणजे खरेच असणार, असे तिला वाटते. त्याने मुलीला लिहिलेले पत्र ते हेच. दुसरे त्याने लिहिलेलेच नसते.

बंधूंनो, आज विशेष करून तुमच्याशी बोलायचे आहे. आपल्या मुली आज कोठे कोठे आहेत! कोणी पुण्याला नर्सिंगला, कोणी मुंबईत दवाखान्यात रात्रपाळीला, कोणी आखाती देशात, कोणी धर्मभगिनी होऊन दूरच्या प्रांतात. फोन रोज होतो. पण तो आईशी होतो. बापाच्या हातात फोन आला की, “जेवलीस का? पैसे पोचले का? बरं, आईला देतो.” संपले. माया नाही असे नाही. माया खूप आहे, म्हणूनच तर उसाच्या बिलातून आधी तिची फी जाते. पण आपण कशावर विश्वास ठेवतो, आपल्याला कशाची भीती वाटते, आपल्या गावात कोण कोणाच्या अडचणीला धावले, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सोयरीक ठरवताना मात्र अनेकदा इफ्ताहच उभा राहतो. “मी शब्द देऊन बसलो.” शब्द कोणाचा, आणि भरायचा कोणी?

याउलट एक बाप आपल्याला तोबीतच्या पुस्तकात भेटतो. त्याचे नाव रागुएल. त्याच्या सारेने फार सोसले. सात वेळा लग्न झाले, सातही नवरे पहिल्याच रात्री गेले, मोलकरणींनीसुद्धा तिला बोलून घेतले. आठव्या वेळी, तोबियाशी तिचे लग्न झाले त्या रात्री, रागुएलाने उठून अंगणात खड्डा खणून ठेवला, सकाळी लोकांना कळू नये म्हणून! एवढा घाबरलेला बाप. पण जावई जिवंत असल्याचे कळल्यावर त्याने गुपचूप खड्डा बुजवायला लावला आणि देवाची स्तुती केली. मुलगी सासरी, परमुलखात निघाली तेव्हा त्याने आपली भीती तिच्या पदरात बांधली नाही. सासू-सासऱ्यांना आता आईबाप मान, आणि तुझी खुशाली माझ्या कानी येत राहो, असा आशीर्वाद देऊन त्याने तिला पाठवले (तोबीत १०). परदेशाची वाट, रस्त्यात धोके, सगळे त्याला ठाऊक होते.

किल्ल्यातही असा एक माणूस होता, ज्याच्या दुःखाला पत्राशिवाय वाट नव्हती. मौलाना आझादांची पत्नी एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला वारली. ती आजारी असताना त्यांनी भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला नकार दिला. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी किल्ल्यात आपल्या एका मित्राला पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे माहीत असूनही लिहिली. त्यांत चहा कसा करावा हे आहे, खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्यांची लांबलचक हकीगत आहे, आणि पत्नीच्या मृत्यूचेही पत्र आहे. ती पुढे उर्दूत पुस्तकरूपाने आली. द्वेषाला त्यांत जागा सापडणार नाही. ज्या माणसाने चिमण्यांच्या स्वभावाचे इतके बारकाईने निरीक्षण केले, त्याला शेजारच्या कोठडीतील माणसाचा स्वभाव समजून घेणे अवघड गेले नसेल.

पत्रांनी सगळे साधते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९४७ मध्ये फाळणीची यादवी खुद्द दिल्लीत आली, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून इंदिरा दंगलग्रस्त वस्त्यांत काम करायला गेली. वडिलांची पत्रे तेथे कामी आली असे मानायला जागा आहे. पण हीच मुलगी पुढे पंतप्रधान झाली आणि १९७५ मध्ये तिने आणीबाणी लादून हजारो माणसांना खटल्याविना तुरुंगात टाकले. त्यांत कित्येक मुलींचे बाप होते. बाप लिहू शकतो, पुढे काय वाचायचे आणि काय विसरायचे हे लेक ठरवते. म्हणून रागुएलाप्रमाणे लिहायचे, देवाच्या हाती सोपवायचे, आणि खुशालीची वाट पाहायची.

संत पौलानेही तुरुंगातून पत्रे लिहिली. फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र काढून पाहा. साखळदंडात असलेला माणूस पुन्हा पुन्हा आनंद करायला सांगतो, आणि शेवटी दोन स्त्रियांचे, युवदिया आणि सुंतुखे यांचे, भांडण मिटवण्याची विनंती करतो (फिलिप्पै ४:२). मरण समोर असताना त्याला त्या दोघींच्या अबोल्याची काळजी!

पुढील रविवारी दोन्ही मिस्सांनंतर सभागृहात टेबलावर कोरे कागद, पाकिटे आणि तिकिटे ठेवलेली असतील. वडिलांनी आपल्या मुलीला एक पत्र लिहावे, अशी विनंती आहे. एक पान पुरे. ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांनी सांगावे, युवक मंडळाची मुले लिहून घेतील आणि कोणाला काही बोलणार नाहीत. काय लिहावे हे सुचत नसेल तर तिच्या जन्माच्या दिवशी आपण कोठे होतो, तेथून सुरुवात करावी. दुष्काळाच्या साली कोणत्या शेजाऱ्याने आपल्या घरी धान्य पोचवले आणि तो कोणत्या समाजाचा होता, हे नावानिशी लिहावे. सध्या गावात कशाची भीती वाटते तेही लपवू नये, मुली आता लहान नाहीत. एखाद्या जातीविषयी किंवा धर्माविषयी ऐकीव असेल ते मात्र लिहू नये. तिच्या एखाद्या निर्णयात तिला न विचारता शब्द दिला असेल, तर त्याविषयी तिचे म्हणणे काय ते विचारावे आणि उत्तरासाठी आपला पत्ता लिहिलेले पाकीट आत घालावे.

ज्यांच्या मुली याच गावात दिल्या आहेत त्यांनीही मागे राहू नये. पोस्टमन त्याही गल्लीत जातो. ज्यांची मुलगी बोलत नाही, किंवा ज्यांनी मुलीशी बोलणे सोडले आहे, त्यांच्यासाठी टेबलाचे एक टोक वेगळे ठेवले आहे, तेथे गर्दी होणार नाही. पत्ता ठाऊक नसेल तर पाकिटावर नुसते नाव लिहून द्यावे. पत्ता आपण मिळवू.